अमडापुरात रंगीत सापांची पैदास: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

या छंदाची सुरुवात साप आणण्यापासून होते, असं नवशिक्याला वाटतं. ती घरी सांगण्यापासून होते, आणि बऱ्याच जणांचा छंद तिथंच आटोपतो. अमडापूर हे चिखली-खामगाव रस्त्यावरचं गाव. सोयाबीन, तूर, कपाशी, दगडी बांध, बल्लाळदेवीचं देऊळ. इथं घरात साप निघाला की लोक सर्पमित्राला फोन लावतात आणि तो साप घेऊन गेला की मगच चहा ठेवतात. तुम्ही मात्र पैसे मोजून साप आत आणणार आहात. हा फरक समजावून सांगताना तुमचं शिक्षण, तुमची नोकरी न लागणं आणि चुलतभावाची लागलेली नोकरी, या तिन्हींचा उल्लेख होईल. त्याची तयारी ठेवा.

माय एकच शब्द विचारेल: "कायले?"

"रंगासाठी" म्हणालात तर उत्तर येईल, "मंग भित रंगव ना बाप्पा, दिवाई आलीच हाये." "पैशासाठी" म्हणालात तर आतापर्यंत पेपर वाचत बसलेले वडील मान वर करतील, आणि ते जास्त धोक्याचं. मायचा विरोध दोन वर्षांत मावळतो. वडिलांची आशा मावळायला पाच लागतात.

कोणता साप घ्यावा

नवशिक्याची पहिली नजर फुकटच्या मालावर जाते. बांधावर धामण आहे, विहिरीत दिवड आहे, घराच्या भिंतीत कवड्या आहे, गोठ्यामागं तस्कर. नाग, घोणस आणि मण्यार आहेत, पण त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका नाही. त्यांच्यासाठी ग्रामीण रुग्णालय आहे. कधीतरी एखाद्या सर्पमित्राच्या फोनमध्ये पांढराफटक नाग किंवा पिवळसर पांढरी धामण दिसते आणि वाटतं, हीच धरून जोडी लावली तर?

लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो अमडापूरलाही लागू आहे. देशी साप पकडणं, पाळणं, विकणं, सगळं त्यात बसतं. अजगर अनुसूची एकमध्ये. त्याच्याबाबत गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं. कायद्याचं कलम ३९ मात्र छंदवाल्यांनी आवर्जून वाचावं. बेकायदा पाळलेला किंवा बंदिस्त जागेत पैदास केलेला वन्य प्राणी राज्य सरकारची मालमत्ता ठरतो. म्हणजे उंदीर तुम्ही आणायचे, रात्री तुम्ही जागायच्या, अंडी तुम्ही उबवायची आणि पिल्लं महाराष्ट्र शासनाची. शासनाला एवढं बिनपगारी काम करून देणारा माणूस तालुक्यात दुसरा सापडणार नाही, पण त्याबद्दल सत्कार होत नाही.

तुम्ही सापांच्या नादी लागलात ही बातमी पसरली की एक गृहस्थ आपोआप भेटायला येतात. ते मोटारसायकल दूर लावतात, हळू बोलतात आणि विचारतात, "मांडूळ हाये का? किती किलोचं?" ही वेगळी शाखा आहे. मांडूळ बिचारा मातीत राहणारा, बिनविषारी, आखूड आणि बोथट शेपटीमुळं दोन तोंडांचा वाटणारा साप. त्याच्यानं गुप्तधन सापडतं, पैशाचा पाऊस पडतो, अमुक वजनाच्या वर गेला की लाखांचा कोटींत जातो, अशा गोष्टींवर महाराष्ट्रात कित्येक टोळ्या पोसल्या गेल्या आणि मग पोलिसांनी धरल्या. खरेदीदार कोण, हे विकणाऱ्याला कधीच माहीत नसतं. त्याला फक्त पुढचा विकणारा माहीत असतो. त्या गृहस्थांना चहासुद्धा देऊ नका. आपल्या छंदातही मूर्खपणा भरपूर आहे, पण तो निदान रंगाचा आहे, वजनाचा नाही.

मग उरतो परदेशी साप. जगभरच्या रंगवेड्यांनी ज्याला डोक्यावर घेतलं तो बॉल पायथन, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिनकडचा छोटा अजगर. चार फुटांच्या आसपास, बिनविषारी, भ्याला की स्वतःचा चेंडू करून डोकं मधे लपवणारा. स्वभावानं इतका गरीब की गावात त्याला कुणी मान देणार नाही. मूळ रंग चॉकलेटी-काळा आणि त्यावर मातकट ठिपके. हा मूळ रंग नीट पाहून घ्या. तुमच्या घरात जन्मणारी बहुतेक पिल्लं याच रंगाची असणार आहेत.

कागदपत्रं

"बँकॉकहून माझा एक मित्र आणतो" असं सांगणारा भेटला तर त्याला नमस्कार करा आणि घरी या. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांतून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले होते. असे प्रकार तिथं पुन:पुन्हा घडतात. बिस्किटाच्या पुड्यातून आलेल्या सापाला वंशावळ नसते, आणि त्याच्या मालकाला बहुतेक वेळा वकील लागतो.

बॉल पायथन हा साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हा अशा परदेशी जातींसाठी नवी अनुसूची चार आली, आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आता असा प्राणी ज्याच्याकडं असेल त्यानं 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंद करायची. साप आला, नोंद. पिल्लं झाली, नोंद. मेला, नोंद. दुसऱ्याला दिला, नोंद. आपल्याकडं आजीच्या जन्मतारखेबद्दल अजून "मोठ्या पुराच्या वर्षी" एवढीच माहिती असते. सापाच्या पिल्लाची मात्र तारखेसकट. संकेतस्थळ उघडत नसेल तर ते तुमच्या रेंजमुळं की त्यांच्या सर्व्हरमुळं, यावर वेळ घालवू नका. पहाटे प्रयत्न करा.

साहित्य

बंद होणारं झाकण असलेले डबे. झाकण खरोखर बंद होणारं. तापमापक दोन, कारण एकावर विश्वास बसत नाही. थर्मोस्टॅट. इन्व्हर्टर. पाण्याची जड वाटी. उंदीर, आणि ते गोठवून ठेवायला स्वतंत्र फ्रीझर. "स्वतंत्र" या शब्दाखाली रेघ मारा. घरच्या फ्रीजमध्ये मटाराच्या पिशवीखाली उंदराची पिशवी ठेवणाऱ्या माणसाला पुढची प्रकरणं वाचायची गरज पडत नाही.

गोदामातले उंदीर फुकट मिळतात म्हणून आणू नका. त्यांनी काय खाल्लंय हे कुणालाच माहीत नसतं, आणि गोदामवाल्यानं औषध टाकलेलं असतं. शिवाय ते उंदीर संपवायचं काम बांधावरची धामण पिढ्यान्‌पिढ्या नोंदणीशिवाय करते आहे.

साप जेवत नाही तेव्हा

बॉल पायथन उपाशी राहण्यात पारंगत आहे. निरोगी, धष्टपुष्ट साप काही कारण नसताना महिनोन्‌महिने तोंड फिरवून बसतो. तुम्ही उंदीर कोमट करता, चिमट्यानं हलवता, दिवा मालवता, दाराआड उभे राहता. तो जीभ बाहेर काढतो, वास घेतो आणि डोकं वेटोळ्यात घालतो. अशा वेळी काहीही करायचं नसतं, आणि नवशिक्याला तेवढंच जमत नाही.

पण याच काळात घरात एक बदल होतो. ज्या माऊलीनं त्या खोलीत पाऊल टाकणार नाही असं जाहीर केलेलं असतं, ती एका संध्याकाळी दारातून विचारते, "काई खाल्लं का रे त्यानं?" तुम्ही नाही म्हणता. "दोन महिने झाले नं बाप्पा. दूध देऊन पाय." साप दूध पीत नाही हे तिला सांगण्याची ही वेळ नव्हे. या छंदातलं पहिलं उत्पन्न हेच. जमेच्या बाजूला लिहून ठेवा.

गणित

आता मुख्य विषय. पांढऱ्या-पिवळ्या अंगाचा, लाल डोळ्यांचा अल्बिनो तुम्हाला हवा आहे. अल्बिनोपणाचं जनुक अप्रभावी असतं. आई आणि बाप दोघांकडून आलं तरच रंग दिसतो. तेव्हा ऑस्ट्रियात असलेल्या ब्रनोच्या मठात मेंडेलनं वाटाण्यांवर हे गणित मांडलं आणि १८६६ मध्ये छापलं. वाटाणे एका हंगामात येतात. बॉल पायथनची मादी वयात यायला तीनेक वर्षं लागतात. मेंडेल साप पाळत असता तर तो शास्त्र सोडून भजनाला लागला असता.

तुम्ही अल्बिनो नर आणि साधी मादी घेतलीत असं धरू. पहिल्या खेपेची सगळी पिल्लं साधी दिसतात. एकूण एक चॉकलेटी. पण प्रत्येकाच्या आत एक अल्बिनो जनुक दडलेलं. छंदवाल्यांच्या भाषेत ही 'हेट' पिल्लं. ती साध्या पिल्लापेक्षा महाग असतात. दिसायला तंतोतंत तशीच; जास्तीचे पैसे न दिसणाऱ्या रंगाचे. वडिलांना ही गोष्ट तीनदा समजावून सांगाल. तिसऱ्या वेळी ते म्हणतील, "म्हंजे बियाण्याच्या पिशवीसारखंच. वरून चित्र, आतमंधी कोन पायते." त्यांना अनुवंशशास्त्र समजलं आहे, पुढं जा.

तीन वर्षांनी ही हेट भावंडं एकमेकांशी किंवा लेक बापाशी जोडायची. या विद्येत सगोत्र वगैरे पाहत नाहीत. गावात यावर चर्चा करू नका. दोन हेट जोडले तर दर पिल्लामागं अल्बिनो होण्याची शक्यता चारात एक. उरलेल्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी तीनातली दोन हेट असतात, पण कोणती ते कळत नाही; म्हणून ती सगळी 'सहासष्ट टक्के हेट' या नावानं विकतात. एखादा साप सहासष्ट टक्के काहीही नसतो. तो असतो किंवा नसतो. टक्के विकत घेणाऱ्याच्या डोक्यात असतात.

चारात एक म्हणजे चार अंड्यांत एक हमखास, असा हिशेब करून नवशिके फसतात. सहा अंडी असतील तर त्यांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता अठरा टक्क्यांच्या आसपास. दोन अप्रभावी रंग एकत्र हवे असतील, म्हणजे अल्बिनोही आणि पांढऱ्या पट्ट्यांचा पायबाल्डही, तर दर पिल्लामागं सोळात एक. आणि सहा अंड्यांची खेप अडुसष्ट टक्के वेळा तुम्हाला रिकाम्या हातानं परत पाठवणार. आपल्या जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. तुमचं भाकीतही त्याच दर्जाचं आहे. फरक एवढाच की भेंडवळला ऐकायला गर्दी जमते.

अंडी

नर-मादी हिवाळ्यात एकत्र सोडतात. अमडापूरचा हिवाळा यासाठी उत्तम, रात्री चांगल्या थंड. इथवर निसर्ग तुमच्या बाजूनं आहे. मग मादी अंडी घालते ती नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर, चार-सहा, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांना पंचावन्न ते साठ दिवस एकतीस-बत्तीस अंश तापमान लागतं. परदेशातल्या पुस्तकांत उबवणीपेटी गरम कशी करावी यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. मे महिन्यात चाळीस अंशांच्या खोलीत पेटी थंड कशी करावी यावर एक ओळ नसते. थोडं तापमान चढलं तरी पिल्लं वाकड्या मणक्याची निघतात किंवा निघतच नाहीत. तेव्हा थर्माकोलची पेटी, बर्फाच्या बाटल्या, ओलं पोतं, आणि वीज गेली की इन्व्हर्टरचं बटण. कूलर बैठकीतून सापांच्या खोलीत नेल्याच्या दिवशी घरी जे बोललं जातं ते इथं छापता येत नाही.

आजीपासून अंडी सांभाळा. तिनं आयुष्यभर खुडूक कोंबड्या बसवल्या आहेत आणि अंडी फिरवावी लागतात हे ती तुम्हाला शिकवणार. कोंबडीच्या बाबतीत ती बरोबर आहे. सापाचं अंडं फिरवलं तर आतला जीव दगावू शकतो. वरच्या बाजूला पेन्सिलनं टिंब करा आणि टिंब वरच राहील असं पाहा. आजी म्हणेल, "असं कुठं असते का?" पेटीला कुलूप लावा.

दहाव्या-पंधराव्या दिवशी अंधारात अंड्याला टॉर्च लावा. आत लालसर शिरांचं जाळं दिसतं. हे आजीलाही दाखवा. त्यानंतर कुलपाची गरज राहत नाही, कारण ती स्वतःच पेटीपाशी राखण बसते.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी एका अंड्यावर ब्लेडनं मारल्यागत चीर दिसते आणि त्या चिरेतून एक नाकाडं बाहेर येतं. पिल्लू लगेच निघत नाही. डोकं बाहेर काढून एक दिवस, कधी दोन दिवस ते तसंच बसतं, उरलेला बलक शोषून घेत. तुम्हाला दिसतं फक्त बोटाच्या टोकाएवढं डोकं, चिकट, ओलं. ते काळपट आहे की पिवळं? डोळा काळा की लाल? सहा वर्षांचं उत्तर त्या एवढ्याशा भागावर असतं. हात लावायचा नाही, अंडं कापायचं नाही, लाइट मोठा करायचा नाही. शेजारची पोरं खिडकीला, वडील दारात, चुलतभाऊ नोकरीवरून सुट्टी काढून आलेला. पहिलं काळं. दुसरं काळं. तिसरं काळं. चौथ्याचं नाकाडं गुलाबी निघालं की जो आवाज घरातून उठतो, तो ऐकून लोकांना वाटतं घरातला कुणीतरी दहावी पास झाला. खरं सांगायचं तर बाकीच्या सगळ्या प्रकरणांची भरपाई इथं होते, आणि थोडं उरतंसुद्धा.

काही रंगांपासून दूर राहा

१९९९ च्या सुमारास अमेरिकेत 'स्पायडर' नावाचा रंग बाजारात आला. सोनेरी अंगावर बारीक काळ्या रेषांचं जाळं. दिसायला देखणा आणि वारसा सोपा, आई-बापांतल्या एकाकडून जनुक आलं तरी रंग दिसतो. खप प्रचंड झाला. पण त्या सापांचं डोकं थरथरतं. काहींची मान वळते ती वळतच जाते. काही भक्ष्यावर झडप घालतात आणि चुकतात. कमी-जास्त प्रमाणात हा दोष त्या रंगाच्या सगळ्या सापांत असतो. पैदास करणारे वर्षानुवर्षं म्हणत राहिले, साप जेवतो, वाढतो, काही बिघडत नाही. २०२२ मध्ये छपाईत आलेल्या एका अभ्यासात या सापांच्या आतल्या कानाची, तोल सांभाळणाऱ्या भागाचीच घडण बिघडलेली दिसली. रंग आणि तो दोष एकत्रच येतात. इथं विनोद थांबवतो. पाठीवरच्या नक्षीसाठी ज्याला आयुष्यभर वर-खाली कळणार नाही असा प्राणी मुद्दाम जन्माला घालणं हा छंद नव्हे. स्पायडर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, आणि देणाऱ्याकडून दुसराही साप घेऊ नका.

रंग कोणताही असो, सापानं टाकलेली कात मात्र फेकू नका. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी हौशी लोकांकडून टपालानं आलेल्या काती जमवल्या आणि त्यांतल्या डीएनएवरून बॉल पायथनचा अल्बिनोपणा कोणत्या जनुकातल्या बिघाडानं येतो ते शोधून काढलं. टायरोसिनेज, मेलॅनिन तयार करणारं विकर. माणसांतल्या एका प्रकारच्या अल्बिनोपणाचं मूळही तेच. तुमच्या आजीनं झाडून टाकलेल्या कचऱ्यात एक शोधनिबंध होता.

विक्री

वडिलांना बसवून सांगायचं प्रकरण हे. रंगीत सापांच्या छंदाचा आद्यपुरुष म्हणावा असा अमेरिकेतला बर्नार्ड बेक्टेल त्वचारोगतज्ज्ञ होता, धंद्यानंच कातडी पाहणारा. १९५० च्या दशकात जंगलात सापडलेल्या एका रंगहीन कॉर्न स्नेकपासून त्यानं वंश वाढवला आणि तो रंग मेंडेलच्या नियमानं उतरतो हे दाखवलं. आज तशा रंगाचा कॉर्न स्नेक हा तिकडं सगळ्यात साधा पाळीव साप आहे. १९९२ मध्ये बॉब क्लार्क यांनी अल्बिनो बॉल पायथनचा वंश सिद्ध केला. पहिली पिल्लं हजारो डॉलरना गेली. ज्यांनी ती घेतली त्यांनी पिल्लं काढली, त्या पिल्लांची पिल्लं निघाली, आणि आज अल्बिनोला काही शे डॉलर मिळाले तरी खूप.

म्हणजे बघा, आपण विकतो ती दुर्मीळता, आणि यशस्वी झालेली प्रत्येक खेप ती कमी करते. सोयाबीनचा भाव पडला की निदान बाजार समितीला, सरकारला, आयातीला शिव्या देता येतात. इथं भाव तुम्हीच पाडलेला असतो, रात्र-रात्र जागून, बर्फाच्या बाटल्या बदलून. तुमची अल्बिनो पिल्लं विकायला तयार होतील तोवर छंदवाले चार जनुकांच्या मिश्रणाकडं वळलेले असतील आणि तुमच्या पिल्लाला म्हणतील, "साधा अल्बिनो आहे."

साधा अल्बिनो! सहा वर्षं!

जाता जाता एक माहिती, धंद्याला निरुपयोगी. विदर्भातला खरोखरचा दुर्मीळ साप कुणी पैदास करून काढलेला नाही. भारतीय अंडीखाऊ साप. राइनहार्ट या शास्त्रज्ञानं १८६३ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यानंतर दीड शतकभर त्याचे मोजकेच नमुने माहीत होते. मग तो वर्ध्यात सापडला आणि २००५ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद छापून आली. पक्ष्यांची अंडी अख्खी गिळतो, मणक्याचे काटे अन्ननलिकेत उतरलेले असतात त्यांनी कवच फोडतो. रंग? तपकिरी-काळा, पाठीवर फिकट पट्टा. छंदवाल्यांच्या प्रदर्शनात त्याच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

नेहमीचे प्रश्न

साप मालकाला ओळखतो का? तुमच्या हाताची ऊब ओळखतो. ती तहसीलदाराच्या हातालाही असते.

साप सुटला तर? बॉल पायथन असेल तर कपाटामागं, फ्रीजच्या मोटरपाशी, चपलांच्या ढिगात पाहा. शेजाऱ्यांना सांगा. न सांगता सापडला आणि कुणी काठी घातली, तर साप आणि शेजार दोन्ही गेले.

तोटा किती होईल? सुरुवातीला जितका सोसता येईल असं वाटतं त्याच्या दुप्पट. मग सवय होते.

नागपंचमीला बाया पूजेला आल्या तर? हा नाग नाही, आफ्रिकेचा आहे, हे समजावत बसू नका. त्यांनी विचारलेलं नाही. डब्याचं झाकण उघडू नका, दूध बाहेरच ठेवायला सांगा, लाह्या तुम्ही खा. ओवाळणीत दहा-वीस रुपये जमले तर ते उत्पन्नात धरा. परिवेशवर त्यासाठी रकाना नाही.